डुकराच्या मागे काय आहे

बाचं कार्य उरकल्यावर पाचव्या दिवशी
बंदूक जमा करायला मी पेठच्या ठाण्यात गेले.
एसटीत ती गोधडीत गुंडाळलेली, टोप्यांची डबी वेगळ्या पिशवीत,
दारू तर आणलीच नव्हती.

हवालदारानं लिहिलं: ठासणीची, एकनळी,
धवळू रामा भोये, कोहळीपाडा, शेतीसंरक्षण.
मग खिडकीकडे वळून नळीच्या तोंडाला डोळा लावला.
"डोळा काढा," मी म्हणाले.
"रिकामीच आहे ना?"
"रिकामीच आहे. तरी."
तो हसला. "असली जुनी. जाते तरी किती लांब?"

काय सांगायचं.
नेम साठ पावलांचा,
त्यापुढं बा चापाला बोट लावत नसे.
पण गोळीला कुठं ठाऊक असतं साठ म्हणजे काय.

नागली निसवली होती त्या साली.
माळ्यावर बा आणि मी, माझ्या मांडीवर विझवलेली बॅटरी.
डुक्कर खालून येतं, ते त्या रात्री वरून आलं,
दांडावर थांबलं, चांदण्यात कानांसकट काळं.
चाळीस पावलं. बहुतेक कमीच.
घोडा चढल्याचा आवाज मी ऐकला,
मग बानं तो अंगठ्यानं धरून हळूहळू खाली आणला.
"मार ना."
"मागं काय आहे?"
"काही नाही. आभाळ."
"तेच तर. आभाळ गोळी झेलत नाही."

डुकरानं अर्धं वावर उलथून टाकलं.
आई दोन दिवस बोलली नाही,
भाकरी थापायची तेवढी, जोरात.

उजाडल्यावर बा दांडापलीकडं उतरला, मी मागोमाग.
तो तोंडानं मोजत होता.
सहाशे चाळीसला थांबला.
पायवाटेच्या चिखलात ताजी पावलं,
दिंडोरीकडून आलेली, द्राक्षछाटणी आटपून
दिवाळीला घरी निघालेली माणसं असतील,
कोणत्या पाड्याची, कधी कळलं नाही.
त्यातलं एक पाऊल माझ्या तळहाताएवढं.
बा त्याच्याजवळ उकिडवा बसून राहिला.
मग म्हणाला, इथवर येतीच. पुढंही जाती.
आईला सांगू नको म्हणाला.
मी नाही सांगितलं.

"गज द्या जरा," मी हवालदाराला म्हणाले.
नळी उभी धरून, तोंड बाजूला ठेवून, गज आत सोडला.
टण्ण करून तळाला लागला.
बानं कोयतीनं कोरलेली खाच
नळीच्या काठाशी बरोबर येऊन टेकली.
"खाच काठाला लागली तर रिकामी.
दोन बोटं वर राहिली तर आत गोळी आहे.
सांगणाऱ्याचं ऐकायचं नाही, गजाचं ऐकायचं."

त्यानं पावती फाडली. किती लांब जाते, ते पुन्हा विचारलं नाही.

स्टँडकडे जाताना पावलं आपोआप मोजली गेली.
सहाशे चाळीसला शाळेचं फाटक होतं,
मधली सुट्टी झालेली.