उत्तरेचं ऊन

वाल्पाराइसोत सपाट जमीन
फक्त बंदरापाशी आहे,
तीही समुद्रात भर घालून मिळवलेली.
बाकी गाव टेकड्यांना लटकलेलं,
पत्र्याची घरं, खांबांवर,
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

पण सॉफ्टवेअर उघडलं की आधी जमीनच येते:
करडी, क्षितिजापर्यंत चौकटी आखलेली,
उंची शून्य.
माझे विद्यार्थी तिच्यावर घर ठेवतात
आणि शेवटच्या आठवड्यात
खाली सरकवायला टेकडी शोधतात.

रायेनने मार्चमध्ये पहिलं घर काढलं.
दक्षिणेला भली मोठी काच.
स्क्रीनवर ऊन आत येऊन फरशीवर लोळत होतं,
खुर्चीच्या पायाशी सावली इतकी रेखीव
की मलाही क्षणभर ऊब वाटली.
मग म्हटलं, पोरी, आपल्याकडे सूर्य उत्तरेला असतो.
ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग खिडकीकडे.
खिडकीत खरोखरच उत्तरेचं ऊन होतं,
तिच्याच डाव्या गालावर पडलेलं.
"पण इथे तर..." म्हणाली.
इथे म्हणजे प्रोग्रॅममध्ये. तिथला सूर्य
कुठल्यातरी वरच्या देशाचा, खोक्यासोबत आलेला,
कुणी हलवला नाही तर रोज तोच उगवायचा.

हसलो नाही मी.
परवा कॅन्टीनमध्ये तिच्या हातून चहाचा पेला निसटला.
तो फरशीला लागायच्या आत
तिच्या डाव्या हाताची दोन बोटं
हवेतच दाबली गेली:
मागे घ्या, एक पाऊल मागे घ्या.
पेला फुटला.
ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती,
त्यांनीच दगा दिल्यासारखी.

सुतारशाळेतला म्हातारा एलेउतेरियो म्हणतो,
या पोरांना लाकडाचा वास ठाऊक नाही.
खरंय. त्यांचं लाकूड म्हणजे
एकाच फळीचा फोटो, शेजारी शेजारी लावलेला,
दर दीड मीटरवर तीच गाठ.
त्यांच्या झाडांची पानं गळत नाहीत.
त्यांची माणसं बिनचेहऱ्याची,
सगळी कॉफीचा कप घेऊन डावीकडे चाललेली.
आणि कुत्रं एकही नाही.
या गावात, कुत्रं नाही!

पण मी तरी काय मोठा.
माझा हात टी-पट्टीने आणि दोन गुण्यांनी घडवला.
तीस वर्षांत जेवढी छपरं उतरवली
ती तीस अंशांत, नाहीतर पंचेचाळीस.
अडतीस अंशांचं छप्पर मला कधी सुचलंच नाही.
मनाई कुणाची नव्हती.
गुण्याला तो कोपराच नव्हता.

नोव्हेंबरात रायेन एक जिना घेऊन आली.
तिच्या आईच्या घराकडे चढणारा,
त्र्याऐंशी पायऱ्या.
प्रोग्रॅमकडे मागितल्या असत्या तर
डोळ्याचं पातं लवायच्या आत मिळाल्या असत्या
त्र्याऐंशी जुळ्या.
हिने टेप घेऊन एकेक मोजली:
सतरा. एकवीस. साडेचौदा.
ही भूकंपानंतर मामाने ओतली,
ही कुणी ओतली माहीत नाही,
एकोणचाळिसावी जवळजवळ नाहीच.
प्रत्येक आकड्याला प्रोग्रॅम लाल व्हायचा:
माप विसंगत. दुरुस्त करू?
ती "नको" दाबत गेली.

कशाला एवढा खटाटोप, मी विचारलं.
"आई अंधारात उतरते, दिव्याशिवाय.
तिच्या पायांना पाठ आहे.
म्हटलं, फाइललाही असावा."

मग तिने कोपऱ्यातला सूर्य पकडला
आणि उत्तरेला ओढला.
जिन्यावर सावल्या पडल्या,
एकीसारखी दुसरी नाही.
एकोणचाळिसाव्या पायरीवर पडलीच नाही.

"इथे आमचा कुत्रा झोपतो," म्हणाली,
आणि लायब्ररीत कुत्रा शोधायला लागली.
बरेच सापडले. वेगवेगळ्या जातींचे, चांगले,
पण सगळे उभे.