ओळखीची खूण

कालव्याकाठी देवळाच्या सावलीत माझं मेज.
पपायरसचे तुकडे, काजळीची शाई,
शेजारी मगरदेवाला कापलेल्या मेंढीचा रस्सा,
वर साय धरू लागलेला.

हुकूम सम्राटाचा:
ज्याने त्याने धूप घालावा, द्राक्षरस सांडावा,
मांसाचा तुकडा जिभेवर ठेवावा,
दाखला घेऊन घरी जावं.
मजकूर ठरलेला.
'मी देवांना नेहमीच बळी देत आलो,
आत्ताही दिला.'
मग नाव, वय, ओळखीची खूण.
शेवटी साक्षीची ओळ: 'मी पाहिलं.'

सकाळपासून एकोणचाळीस लिहिले.
कुणी तुकडा गिळला, कुणी गालात धरून
धान्याच्या कोठारामागे जाऊन थुंकला.
मी पाहत नाही. माझं काम अक्षरांचं.

चाळिसावी तप्साईस.
सूर्यवारी पहाटे तिच्या ओसरीवर माणसं जमतात,
क्रुसावर मेलेल्या कुणाला राजा म्हणतात,
हे सगळ्या गावाला ठाऊक.
तरी कुणाच्याही बाळंतपणात पहिली हाक तिलाच.
तिच्या दिव्यावर अजून बेडूकदेवी कोरलेली आहे.
विचारलं तर म्हणते, तेल तेवढंच लागतं.

माझं नाव कोप्रेस. म्हणजे केरातला.
उकिरड्याचे पांग फिटायला बारा वर्षं लागतात म्हणे.
माझे एका पहाटेत फिटले,
राख आणि फुटक्या सुरया उपसून
हिने मला पदराखाली घेतलं तेव्हा.

"वय?"
"तुला माहीत नाही?"
बासष्ट, मी लिहिलं.
"खूण?"
"ती तर तूच केलीस."
डाव्या भुवईवर व्रण.
तीन वर्षांचा होतो, दूध नको म्हणून
मातीचा पेला भिरकावला होता.

"वाचून दाखव."
वाचलं.
"ते 'नेहमीच' खोड."
"आई, खोडाखोड केली की दाखला बाद होतो."
"सम्राटासाठी मी रोज हात जोडते, कोप्रेस.
सम्राटापुढे नाही."

मग रश्शाकडे वाकून तिने वास घेतला,
मीठ कमी आहे म्हणाली,
आणि शिपायांच्या बाजूला, भिंतीला टेकून
दोघं बसले होते तिथे
गुडघे धरत जाऊन बसली.

माझ्या हातात दाखला अर्धा.
साक्षीची ओळ तेवढी राहिलेली.
दिवसभरात पहिल्यांदाच
मी खरंच पाहिलं होतं.

"पुढचा," अधिकारी ओरडला.
मी बोरू शाईत बुडवला.