गुडघे

आरशाच्या चौकटीत खोचलेली पावती अजून तिथेच आहे.
गुलाबी कागद, अक्षर माझंच:
रड, क्लीओफस. पँट एक. गुडघे दोन.
दीड डॉलर. बाकी.

लोक आवाजाबद्दल बोलतायत.
रेडिओवरचा पोरगा सकाळपासून थांबेना,
मध म्हणतो, मखमल म्हणतो,
गॅरी शहराचा सोल-सम्राट म्हणतो,
तो जन्मलाही नव्हता तेव्हाचं सगळं छातीठोक सांगतो.
सांगू दे.
मी ब्रॉडवेवरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात
एकतीस वर्षं शिवणयंत्रावर काढली.
दुकान गेलं, यंत्र घरी आणलं.
आवाजाचं मला काय कळणार?
मला त्याचे गुडघे माहीत आहेत.

शनिवारी रात्री, तिसऱ्या का चौथ्या गाण्यात
तो धाडकन खाली जायचा,
फळ्यांवर, सिमेंटवर,
एकदा तर पेट्रोल पंपामागच्या खडीवर.
आणि सोमवारी, पोलाद कारखान्यातली पहिली पाळी आटपून
काखेत पँट घेऊन माझ्यापुढे हजर.
निळी. उजवा गुडघा कायम जास्त फाटलेला.
'व्हर्लीन, हिला आणखी एक शनिवार जगव.'

मी आतून ठिगळ लावायचे,
आमच्या चर्चच्या वृंदगायकांच्या जुन्या झग्यांचं, जांभळं,
दुहेरी टीप मारून.
बाहेरून कुणाला पत्ता लागायचा नाही.
कोटाच्या पाठीवर मिठाची रेघ असायची,
तळ्याचं पाणी ओसरल्यावर वाळूवर राहते तशी.
भट्टीपुढचा घाम वेगळा, गाण्यातला वेगळा
असं काही नसतं.
एकाच ब्रशनं निघायचा.

एकदा तोंडात टाचण्या धरून विचारलं,
'गुडघे टेकल्यावाचून गाता येत नाही का रे?
गुडघे टेकले म्हणजे माणूस हरला म्हणतात.'
आरशातल्या स्वतःकडे बघत म्हणाला,
'फोरमनपुढे नाही टेकले. बँकेपुढे नाही.
अर्नेस्टीन बॅग घेऊन निघाली
तेव्हासुद्धा दारात ताठ उभा होतो, गाढवासारखा.
मग कुठेतरी टेकायला नकोत?'

मी त्याला ऐकलं ते दोनदाच.
पहिल्यांदा कामगार संघटनेच्या हॉलमध्ये,
तेही गाण्यासाठी नव्हे,
टीप टिकते का ते बघायला.
पुढून तिसऱ्या रांगेत बसून नजर पँटवर.
तो खाली गेला.
मग जे काही त्याच्या गळ्यातून आलं
त्याला मी नाव ठेवणार नाही.
टीप टिकली.
घरी जाताना बसचे पैसे द्यायचे विसरले,
ड्रायव्हरनंही मागितले नाहीत.

दुसऱ्यांदा, परवाच्या हिवाळ्याआधी.
तोवर गुडघ्यात लोखंड बसवलेलं.
खुर्चीवर बसून गायला.
ती जागा आली,
ढोलकरी लिरॉयनं काठी हवेत धरून ठेवली,
क्लीओफसनं गुडघ्यावर हात ठेवला, नुसता,
आणि हसला.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
किती वेळ ते आठवत नाही.
मग लिरॉयनं काठी खाली आणली.

मंगळवारी त्याची मुलगी निळा सूट घेऊन आली.
अंत्यविधीवाले टॉलिव्हर फोनवर म्हणाले,
'पँटवर मेहनत नको, बाई.
पेटीचं खालचं झाकण बंदच राहतं.'
बरं म्हटलं.
फोन ठेवला, दिवा जवळ ओढला,
उजव्या गुडघ्याची टीप उसवून पुन्हा घातली.
जांभळं ठिगळ तसंच ठेवलं.

इस्त्री मात्र ऐकेना.
कापडाला गुडघ्यांशी फुगवटा आलेला.
तीनदा वाफ दिली, दाबून धरला,
हात काढला की हळूच वर.
चौथ्यांदा प्रयत्न केला नाही.

उठताना डबी कलंडली.
टाचण्या सगळ्या टेबलाखाली, यंत्राखाली.
वेचायला खाली बसले.
सगळ्या सापडून झाल्यावरही
बराच वेळ तिथेच होते.