कसर

चौक मंडईच्या मागच्या बोळात, पिठाच्या गिरणीवर
मुनव्वर इनामदारांची बांधणीची खोली.
जिना चढतानाच खळीचा वास, त्यात मोरचुदाची कडवट धार.
खाली गिरणी चालू असली की वर अक्षरं थरथरतात.

ही वही कथड्यातल्या एका पेटीत निघाली.
पेटी घेणाऱ्याला फक्त पेटी हवी होती.

"कविता सातशे वर्षांपूर्वीची, तिकडची," चाचा म्हणाले.
"नक्कल मात्र इकडची. कागद जुन्नरी.
या गावाला गुलशनाबाद म्हणायचे, तेव्हाची."
मी चिमट्याने पान उचललं. त्यांनी वाचलं.

कवी वसुलीच्या कचेरीत कारकून.
पगार जवात मिळे, तेही ओले.
एक मुलगा पुरात गेला. त्यावर दोनच ओळी,
त्यातल्या दुसरीत मुलाच्या नव्या चपलांचे देणे.
सुलतानाची स्तुती बारा पानं. तिथे चाचा जांभई देतात.
म्हातारपणी शहर जळालं,
तेव्हा हा बाजारातून खरबूज घेऊन घरी निघालेला.
पुढच्या तीन गझलांत
ते खरबूज त्याच्या हातातच आहे.

"आणि द्राक्षं? दारू?"
"एकदाच. तीही गाढवाने खाल्लेली."
चाचा हसले. "नाशिकचा असता तर भाव लिहिला असता."

मला फारसी येत नाही.
तरी रोज, जमीन, हवा, अखेर
परक्या लग्नात आपल्या गल्लीतली माणसं भेटावीत
तसे भेटत गेले.
आणि मग एका ओळीत, कसर.
"हिशेबात कमी पडतं ते," चाचा म्हणाले.
"आणि पुस्तकं खाते ती?"
ते बोलले नाहीत. वही खिडकीसमोर धरली.

एका पानावर एक गझल.
शेवटच्या शेरात कवी आपलं नाव ओवतो,
आणि नेमकं तिथे, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत
आरपार एकच भोक.
त्यातून समोरच्या गच्चीवरची वाळत घातलेली चादर दिसली.

चाचा वाचत जातात, भोकापाशी थांबतात,
एका नावाएवढा श्वास घेतात,
पुढे जातात.

दुरुस्तीचा नियम आहे: भोक बुजवावं, अक्षर घालू नये.
पातळ कागदाचे एकसष्ट ठिपके मी कातरले.
नोंदवहीत रकाना होता, कवीचे नाव.
'अज्ञात' लिहायला हात धजेना.
चपलांचं देणं माहीत झालेला माणूस अज्ञात कसा?

पट्टी घेतली, भोक मोजलं,
आणि रकान्यात लिहिलं:
चार अक्षरं मावतील एवढी जागा.