किटिकी

रविवारी दुपारी मल्लेशम मिस्त्रीचा व्हिडिओ कॉल येतो
सिरसिल्ल्याच्या पलीकडच्या गावातून.
नान्ना पिकोचं मशीन थांबवतात,
गळ्यातल्या टेपनेच फोनची काच पुसतात.
पडद्यावर विटांचा चौकोन, वर छप्पर नाही,
कोपऱ्यात मिस्त्रीचा अंगठा.
"ही बिड्डाची खोली. किटिकी कुठे काढू?"

बिड्डा म्हणजे मी. वय चौतीस.
त्या गावात आजवर काढलेले दिवस अकरा,
त्यांतले तीन तापात.

तात पुढच्या दसऱ्याला परतणार होते,
असे एकतीस दसरे, मग गिरणीच बंद पडली.
नान्नांनी तारीख कधी सांगितली नाही.
ब्लाऊजमागे दहा रुपये
बिस्किटांच्या डब्यात टाकत राहिले.
आता त्या दहा-दहांना आकार आलाय,
आणि त्यात माझी एक खोली,
मी न मागितलेली.
(स्थळंही आहेत दोन, करीमनगरची,
मापाच्या वहीत घडी घालून.)

"मन इल्लु," नान्ना फोनला सांगतात, मला सांगतात.
आमच्या तेलुगूत 'मन' म्हणजे आपलं,
ऐकणाऱ्यालाही आत घेणारं.
'मा' म्हटलं असतं तर नुसतं आमचं झालं असतं,
मी दाराबाहेर सुटले असते.
पण ते 'मा' म्हणत नाहीत. कधीच नाही म्हणाले.

मीच म्हणाले एकदा, चिडून,
"नान्ना, अदि मी इल्लु."
ते तुमचं घर.
ते काही बोलले नाहीत, दोरा ओवत बसले.
रात्री नायगावच्या या दहा बाय बारात
तेच वाक्य मला मराठीत ऐकू आलं,
मी.
आणि झोप गेली.

"अम्मा, किटिकी?" मिस्त्री घाई करतो, सिमेंट वाळतंय.
मी म्हणते, पश्चिमेला.
का, ते ठाऊक नाही. इथली तिकडेच आहे.
"तिकडे एल्लय्याच्या गोठ्याची भिंत येते,
हातभर अंतर. दिसणार काय?"

नान्ना आमच्या खिडकीकडे बघतात.
बाहेर शेजारच्या इमारतीचा पाइप,
पाइपावर कुणाचा तरी वाळत घातलेला मोजा.

"राहू दे तिथेच," ते मिस्त्रीला म्हणतात.
"तिला सवय आहे."
आणि मशीन पुन्हा सुरू करतात.