पदभार

ही किल्ली भोंग्याच्या खोलीची, नायारेत.
बाण उजवीकडे दाखवतो, तू डावीकडे फिरव.
खारा वारा इथे आधी लोखंड खातो, मग अक्षरं.
दारावरच्या पाटीत ‘आपत्ती’ तेवढी शिल्लक आहे,
‘व्यवस्थापन’ गंजून गेलं.

सही इथे कर. आणि इथे.
घोंगड्या एकशे ऐंशी, कागदावर.
कपाटात एकशे एकसष्ट.
बाकीच्या कसरीने नेल्या, पावती न देता.

तू सान्तियागोहून पदवी घेऊन आलीस, चांगलं झालं.
मी मासळीच्या लिलावात आकडे ओरडायचे.
माझा आवाज ऐकूनच नगराध्यक्षांनी नेमलं मला,
तेव्हा भोंगा नव्हता.

ही वही मात्र सामानाच्या यादीत नाही.

हिच्यात नकाशावर नसलेलं गाव आहे:
पहिल्या गल्लीत ओयार्सून बहिणी,
अकरा वर्षं अबोला; दोघींना एका गाडीत बसवू नकोस,
लाट परवडली.
चक्कीमागे फाउस्तिनो, आंधळा.
त्याला न्यायचं नाही, त्याच्या मागे जायचं.
दिवे गेल्यावर वाट माहीत असलेला
पिउकेकोत तो एकच.

सगळ्यात उंच जागा म्हणजे दफनभूमी.
एकशे चौदा पायऱ्या.
इथले लोक जीव वाचवायला
मेलेल्यांच्या दारात जातात.
हसू नकोस, सरकारी बाण तसाच आहे.

आता जुलैतल्या त्या रात्रीचं.
तू अहवाल वाचला असशील, त्यात मी नीट दिसते.

एक वाजून बावन्न. भांडी वाजली, मग जमीन.
राजधानीतून येत होतं, ‘निरीक्षण सुरू’.
पुन्हा, ‘निरीक्षण सुरू’.
मी किल्ली डावीकडे फिरवली.

सातशे बारा माणसं थडग्यांवर बसून राहिली,
पाच तास, पावसात.
कुणी आजोबांच्याच नावावर पाठ टेकून झोपलं.
उजाडता उजाडता लाट आली.
हातभर.
धक्क्यावरची एक बादली घेऊन गेली.

एलेउतेरियो काय्युल, वय एक्याऐंशी,
पाठीशी ऑक्सिजनची नळकांडी, चार जणांनी उचलून वर नेलेला,
नवव्या दिवशी न्यूमोनियाने गेला.
तेवढ्याच पायऱ्या पुन्हा चढवला.

समुद्राने नाही बुडवलं,
पण गावाने मला पाण्यात पाहिलं.
लांडगा आला रे, पोरं खिडकीखाली ओरडायची.
रोसाउरा, त्याची मुलगी, बेकरीवाली,
अजून पाव देते मला,
सुटे पैसे हातावर ठेवत नाही, फळीवर ठेवते.
मी उचलते.
सहा वर्षं झाली.

तू विचारशील, पुन्हा तशीच रात्र आली तर?
डावीकडे, नायारेत. डावीकडेच.
पण ते नळकांडं वर आधीच ठेवलेलं हवं होतं,
पत्र्याची शेड हवी होती.
शेड आता आहे.
तिच्यासाठी चौदा अर्ज लागले आणि एक मेलेला माणूस.
अर्जांच्या प्रती फायलीत आहेत.

पुढच्या सरावाला तीनशे चाळीस आले.
त्यापुढच्या, तीनशे बावन्न.
ते बारा जण
हीच माझी बढती समज.
तहान लागायच्या आधीची विहीर खणायची आपण,
आणि ज्याच्या अंगणात खणतो
तो रोज विचारतो, माती कधी उचलणार?

रोसाउरा अजून येत नाही.
तिची वेळ मी स्वतः चालून मोजली आहे:
बेकरीपासून सतरा मिनिटं, भट्टी विझवली तर एकोणीस.
ती भट्टी विझवणारच. एकोणीस धर.

हा फोन. उशाशी ठेव, उशीखाली नको.
पहिले काही महिने मीही जागी होईन, सवयीने,
तुला विचारणार नाही.

शेवटचं पान कोरं आहे, पेन घे.
लिही: सेगुंदा वार्गास, वय सदुसष्ट,
धक्क्यामागचं निळं घर, एकटी.
डावा गुडघा.
तिसऱ्या वळणावर हात द्यावा लागेल.
नको म्हणेल.
तरी द्यावा.