अळणी

आमच्या डोंगरात बर्फ नोव्हेंबरात येतं
आणि एप्रिलपर्यंत हलायचं नाव घेत नाही,
रुसून माहेरी बसलेल्या लेकीसारखं.
तेव्हा मी घरोघर जायचे.
पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, लघवी तपासायच्या पट्ट्या
आणि मीठ मोजायचं मीटर, पेनाएवढं.
कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडायचं:
हात्सुए आली, लोणची झाका!

किसाच्या घरी काही झाकत नसत.
मागच्या खोलीत मुळ्याची तीन पिंपं,
झाकणांवर नदीतले दगड,
आणि शेगडीशी तोकुझो, कानापर्यंत लाल,
आधीच खारट सूपवर सोयाची बाटली उपडी करणारा.
मी मीटर बुडवलं. एक पूर्णांक सहा.
म्हटलं, दिवसाचे सत्तावीस ग्रॅम होतायत काका.
तो म्हणाला, तू ग्रॅम मोज, मी वाट्या मोजतो.

दाब दोनशे दहा.
मी कागदावर नस काढली:
मीठ पाण्याला जाऊ देत नाही, पाणी नसेला ताणतं,
छपरावरचं बर्फ तुम्ही उतरवता ना, तसंच हे.
छपरावरचं दिसतं, तो म्हणाला.
किसा मात्र गंभीर झाली.
सहा महिने हिरवं पान नसतं, पोरी,
या पिंपांनी जगवलं आम्हाला.
खाल्ल्या मिठाला जागायचं की नाही?
याला उत्तर माझ्या पुस्तिकेत नव्हतं.

फेब्रुवारी. पहाटे चार.
गरम रजईतून उठून तो अंगणापलीकडच्या संडासात गेला.
किसाला कंदील सापडला आधी,
मग तो.

अंत्यविधीहून परतताना दारात प्रत्येकाला
मिठाची छोटी पुडी मिळते, खांद्यावर शिंपडायला,
मृत्यू घरात येऊ नये म्हणून.
किसाने पुडी फोडली, हातावर घेतली
आणि माझ्याकडे पाहिलं.
किती ग्रॅम, तिने विचारलं.
मी मिठाची गुळणी धरून उभी.

त्यानंतर तिने मीठ सोडलं.
कमी नाही केलं, सोडलं.
तिन्ही पिंपं ओढ्यात रिती केली,
ओढ्याकाठचे बेडूक म्हणे दोन दिवस गप्प होते.
मीटर शून्याजवळ यायचं, मला आनंद व्हायचा.
वार्षिक अहवालात मी तिचं घर पहिलं लिहिलं.
तिचा चेहरा मी कुठेच लिहिला नाही.

ऑगस्टमध्ये भाताच्या चिखलात तण उपटताना
तिला घाम आला, आला, येतच राहिला.
तहान लागली तशी ती झऱ्याचं पाणी प्यायली,
ओंजळीमागून ओंजळ, साधं, गोड पाणी.
मग पोटऱ्यांत गोळे, मग ओकारी,
मग मला तिने मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली:
ओयो, दार लाव, बर्फ आत येतंय.
ऊन भाजत होतं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला.
रक्तात सोडियम एकशे अठरा.
मिठाशिवाय नसेतून निरोप जात नाही,
स्नायू आखडतो, मेंदू फुगतो;
हे मला परीक्षेत आलं होतं,
पूर्ण गुण होते.
बाटली थेंबथेंब उतरत होती.
लेबलावर शून्य पूर्णांक नऊ टक्के.
रात्रभर मी तो आकडा वाचत बसले.
चांगल्या सूपला मी नेमका हाच आकडा सांगत आले होते,
घराघरांत, बारा वर्षं.

ऑक्टोबरात गेले तर एकच पिंप, छोटं, नवं.
शेगडीवर भांडं.
ती म्हणाली, तू घाल.
मी चिमूट घेतली. बोटं थरथरली,
काही दाणे विस्तवात पडून तडतडले.
मीटर काढू का?
राहू दे, जीभ आहे अजून.

तिने चाखलं. बराच वेळ तोंडात धरलं.
कमी पडलंय, म्हणाली,
तो असता तर वाटी आपटली असती.
आणि तसंच, तळाशी जाईपर्यंत, प्यायली.